दगडातलं पाऊल कुणाचं?

आज बचतीचा हिशोब नाही, कर्जाचे हप्ते नाहीत आणि पापड-कुरडयांची ऑर्डरही नाही. आज विषय आहे पावलांचा. गेल्या महिन्यात आपल्या तीन-चार गटांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एकच फोटो फिरत होता. खडकावर भलं मोठं पाऊल, आणि खाली लिहिलेलं की हे राक्षसाचं पाऊल आहे, अकरा जणांना पाठवा. बैठकीत त्यावरून बरीच खडाजंगी झाली. कुणी म्हणे देवाचं, कुणी म्हणे डायनासोरचं, कुणी म्हणे काँप्युटरवर केलेलं. तेव्हाच आम्ही ठरवलं की दगडातलं पाऊल खरं की खोटं हे ओळखायचं कसं, यावर रेडिओवर बोलायचं.

आधी एक गोष्ट कबूल करू या. पावलं ओळखायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. चोपडा-यावलच्या सातपुड्याकडच्या किंवा चाळीसगावच्या डोंगराकडच्या कुठल्याही बाईला विचारा. सकाळी कापसाच्या शेतात बांधावरच्या फुफाट्यात ठसा दिसला, की ती वाकून बघते आणि सांगते, कुत्रं आहे की बिबट्या. कुत्र्याच्या ठशात बोटांपुढे नखांचे टोचे दिसतात. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, म्हणून त्याच्या ठशात ती दिसत नाहीत. शेळी कोणती, बकरी गाभण आहे का, बैल लंगडतोय का, हे आपण मातीवरून सांगतो. शास्त्रज्ञ दगडावर हेच करतात. फरक एवढाच की त्यांचं जनावर कोट्यवधी वर्षांपूर्वी निघून गेलेलं असतं.

आता दगडात पाऊल उमटतंच कसं? दगड मऊ होता का? दगड नव्हताच तो, चिखल होता किंवा ओली वाळू होती. तुम्ही अंगण शेणानं सारवता. ओलं असताना कोंबडी तुरुतुरु चालत जाते आणि तिची तीन बोटं उमटतात. ऊन पडलं की ठसा वाळून कडक होतो. समजा त्यावर वाऱ्यानं बारीक धूळ येऊन पसरली आणि मग पुन्हा सारवण पडलं, तर खालचा ठसा आत झाकून राहतो. असे थरावर थर शेकडो फूट साचले, वरच्या वजनानं दाबले गेले आणि झिरपणाऱ्या पाण्यातल्या चुन्यानं किंवा गारेनं कण एकमेकांना चिकटले, की त्याचा खडक होतो. लाखो वर्षांनी नदीनं किंवा पावसानं वरचा थर उकलला, की ठसा पुन्हा उघडा पडतो.

कधी खोलगट ठसा सापडत नाही, उलट फुगीर सापडतो. करंजीच्या साच्यात दाबलेली करंजी जशी साच्याच्या उलट निघते तसं. खालचा थर झिजून गेला आणि खळग्यात बसलेला वरचा थर तेवढा उरला, तर पाऊल दगडाच्या खालच्या अंगाला उंचवट्यासारखं दिसतं. म्हणून जाणकार माणूस फरशी उलटी करूनही बघतो.

पण वाळवंटात? कोरड्या वाळूत पाय ठेवला की कडा लगेच ढासळतात आणि संध्याकाळच्या वाऱ्याबरोबर सगळं पुसलं जातं. मग वाळवंटातल्या वाळूच्या दगडात पावलं कशी टिकली, हा प्रश्न पूर्वीच्या अभ्यासकांनाही पडला होता. उत्तर आहे ओल. वाळवंटातही दव पडतं, कधीमधी पाऊस येतो, दोन टेकाडांच्या मधल्या सखल जागी पाणी साचतं. ओली वाळू ठसा धरून ठेवते, हे नदीच्या पात्रात पाय घातलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. तापीच्या पात्रात कोरड्या वाळूतलं पाऊल बघा आणि पाण्याच्या कडेचं बघा. आणि दुसरं असं की, वाळू थरांनी बनलेली असेल तर पायाचा दाब खालच्या थरांतही जातो. चार घड्यांच्या गोधडीवर पाय दिला, तर खालच्या घडीलाही खळगा पडतो, फक्त उथळ आणि पसरट. वरचा थर वाऱ्यानं उडाला तरी खालच्या थरातला दाब शिल्लक राहतो. सापडणारी कितीतरी पावलं खरं तर अशी खालच्या घडीतली असतात, म्हणून त्यांत नखं आणि कातडीच्या खुणा नीट दिसत नाहीत.

वाळवंटाची वाळू होती हे दगडावरून कसं कळतं? इथे आपलं सूप कामाला येतं. पाखडताना वारा हलकं दूर नेतो, जड जवळ ठेवतो. वाळवंटातला वाराही हजारो वर्षं पाखडतच असतो. म्हणून तिथल्या वाळूचे कण बहुतेक एकाच मापाचे आणि एकमेकांवर आपटून आपटून गुळगुळीत गोल झालेले असतात. नदीच्या गाळात मात्र वाळू, खडे, चिखल असं मिसळण असतं. शिवाय वाळूचं टेकाड वाऱ्याबरोबर पुढे सरकतं, तेव्हा त्याच्या पुढच्या उतारावर तिरपे थर बसत जातात. कापलेल्या दगडात हे तिरपे थर तिरप्या रेघांसारखे दिसतात. अशा उतारावर जनावर चढलं, तर प्रत्येक पावलाच्या उताराकडच्या बाजूला वाळूची चंद्रकोरीसारखी छोटी रास होते. ती रास दगडात दिसली, की जनावर टेकाडावरून चाललं होतं हे पक्कं.

याचं आम्हाला आवडलेलं उदाहरण ब्राझील देशातलं आहे. तिथल्या अराराक्वारा नावाच्या शहरात रस्त्याकडेचे पदपथ जवळच्या खाणीतल्या लालसर वाळूच्या दगडाच्या फरशांनी बांधलेले. लोक वर्षानुवर्षं त्यावरून चालत होते. ज्युझेप्पे लिओनार्दी नावाचे एक इटालियन धर्मगुरू, तेच जीवाश्मांचे अभ्यासकही, १९७० च्या दशकात तिथे गेले आणि त्यांना पायाखालच्या फरशीतच पावलांची रांग दिसली. तो दगड सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीच्या प्रचंड वाळवंटाचा. डायनासोरांबरोबर छोट्या सस्तन प्राण्यांसारख्या जनावरांची पावलंही त्यात आहेत. त्यांतल्या एका वेगानं धावणाऱ्या छोट्या डायनासोरच्या पावलाला २०२३ मध्ये ‘फार्लोविक्नस रॅपिडस’ असं नाव मिळालं. लक्षात ठेवा, हे नाव प्राण्याचं नसून पावलाचं आहे. ठशाजवळ हाडं सहसा सापडत नाहीत, त्यामुळे नेमका कोणता प्राणी होता हे छातीठोक सांगता येत नाही. म्हणून पावलांना वेगळी नावं देतात.

आणि त्या ब्राझीलच्या वाळवंटाचं पुढे काय झालं? त्यावर लाव्हा पसरला. वाळूच्या टेकाडांवर काळ्या दगडाचे थर चढले. हे ऐकून आपल्याला आपला खानदेश आठवायला हवा. आपलं लळिंग असो की सातमाळा, अजिंठ्याचे डोंगर असोत की विहीर खणताना लागणारा काळा पाषाण, हा सगळा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वर आलेला लाव्हा आहे. धुळे-नंदुरबारकडे माळावर भिंतीसारख्या लांबच लांब दगडी रांगा दिसतात ना, त्या त्या भेगांत थिजलेल्या लाव्हाच्याच. डायनासोर जगातून नाहीसे झाले तो काळही तोच.

म्हणून पहिली कसोटी ही, की दगड कोणता आहे ते बघा. उकळत्या लाव्हावर कुणी चालत नाही. आपल्या काळ्या दगडात पावलासारखं काही दिसलं, तर ते पाऊल नसण्याचीच शक्यता फार मोठी. या दगडातले वायूचे बुडबुडे फुटून खळगे होतात. त्यांतच पुढे पांढरी, चमकदार स्फटिकं भरतात, जळगावकडच्या खाणींतून ती निघतात. हा दगड झिजताना कांद्यासारखी सालं सुटतात आणि मधे वाटीसारखा आकार राहतो. नदीच्या पात्रात पाण्याबरोबर दगडगोटे गरगर फिरून रांजणखळगे पडतात. निघोजला कुकडी नदीतले रांजणखळगे बघायला लोक लांबून येतात. आणि देवळापुढच्या पादुका तर माणसानं छिन्नीनं कोरलेल्या असतात. दोन्ही पाय शेजारी शेजारी, अगदी सारखे. त्यांच्यापुढे हात जोडावेत. त्यांना डायनासोर म्हणायचं काही कारण नाही.

गाळाचा दगड असेल, म्हणजे वाळूचा, चिखलाचा, चुनखडीचा थरांचा दगड, तर मात्र पुढे बघायला हरकत नाही. एकटा खळगा कितीही पावलासारखा दिसला तरी जाणकार त्यावर विश्वास ठेवत नाहीत. त्यांना रांग हवी असते. डावा, उजवा, डावा. अंतर साधारण सारखं, माप साधारण सारखं, बोटं एकाच दिशेला. जनावर उडी मारून आभाळात जात नाही, त्याला दुसरं पाऊल टाकावंच लागतं. फोटोतलं राक्षसाचं पाऊल एकटंच होतं, हे आमच्या गटातल्या एका आठवीच्या मुलीनंच बोट ठेवून दाखवलं. मग कडा बघतात. जड पाय पडला की माती बाजूला सरकून काठावर उचलली जाते, आणि खालचे थर वाकलेले असतात. कोरलेल्या किंवा झिजलेल्या खळग्यात थर वाकत नाहीत, सरळ कापलेले दिसतात. ही कसोटी सगळ्यांत पक्की, कारण थर वाकवण्याची नक्कल करता येत नाही.

बोटांवरून जात ओळखतात. तीन लांब, निमुळती बोटं, टोकाला नखाचा टोचा, पाऊल रुंदीपेक्षा लांब, तर तो मांस खाणारा, दोन पायांवर चालणारा. तीनच बोटं पण जाड, आखूड, टोकाला बोथट, तर बहुधा झाडपाला खाणारा. मोठं गोल, हत्तीच्या पायासारखं पाऊल आणि त्याच्या पुढे छोटी चंद्रकोर, तर तो लांब मानेचा महाकाय चार पायांचा. चंद्रकोर म्हणजे त्याचा पुढचा पाय. आणि एका पावलावरून उंचीचा अंदाजही निघतो. पावलाच्या लांबीची चौपट म्हणजे साधारण कंबरेची उंची. आर. मॅकनील अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९७६ मध्ये यावरून वेग काढायची रीत मांडली. त्याच पायाचं पुढचं पाऊल कंबरेच्या उंचीच्या दुपटीपेक्षा जवळ पडलं तर जनावर चालत होतं, तिपटीच्या आसपास किंवा पुढे पडलं तर पळत होतं.

आता ही रीत आपल्या देशात लावून बघू. राजस्थानात जैसलमेरजवळ थईयात नावाचं गाव आहे. २०१४ च्या जानेवारीत जयपूरला ज्युरासिक काळाच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. त्यातले पाहुणे जैसलमेरकडचे खडक बघायला गेले आणि थईयातच्या कड्यावर तीन बोटांची पावलं सापडली. २०१५ मध्ये पोलिश, स्लोव्हाक, जर्मन आणि भारतीय अभ्यासकांनी मिळून ती प्रसिद्ध केली. एक पाऊल सुमारे ३० सेंटिमीटरचं, म्हणजे आपल्या शाळेतल्या पट्टीएवढं, दुसरं जेमतेम साडेपाच सेंटिमीटरचं. पुढे जोधपूरच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनीही त्या भागातल्या पावलांचा अभ्यास केला. चौपटीचा हिशोब लावला तर पहिल्याची कंबर सुमारे १२० सेंटिमीटरवर येते, आणि दुसऱ्याची २२ वर. म्हणजे एक बैलाच्या खांद्याएवढा, एक आपल्या अंगणातल्या कोंबडीएवढा. दोघंही मांसाहारी, आणि चालले जवळपास एकाच जागी.

गंमत अशी की ते थारचं वाळवंट आज आहे. ती पावलं उमटली तेव्हा, सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वी, तिथे समुद्राचा काठ होता. ब्राझीलमध्ये उलटं, आज पदपथ आणि झाडं, तेव्हा रखरखीत वाळू. बैठकीत हे सांगितलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, “मग आपली जागा तरी कायमची कुठे शे माय?” त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

आपल्या जवळचं म्हणाल तर शिरपूर, सेंधव्याच्या पलीकडे, नर्मदा ओलांडून धार जिल्ह्यात बाग-कुक्षीचा भाग आहे. तिथे पावलं नाहीत, अंडी आहेत. लाव्हाच्या थोडं आधीच्या चुनखडीच्या थरात डायनासोरांनी घातलेली. दिल्ली विद्यापीठाच्या अभ्यासकांनी तिथली ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवून २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. आपल्याच राज्यात चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा इथे डायनासोरांचं शेण दगड झालेलं सापडतं. त्या शेणात गवताचे सूक्ष्म कण मिळाले, आणि २००५ मध्ये जगाला कळलं की डायनासोरांच्या काळातही गवत होतं, भाताच्या कुळातलंसुद्धा. शेणाला आपण कधीच टाकाऊ म्हटलं नाही, हे इथे सांगायला आम्हाला बरं वाटतं.

धार जिल्ह्यातल्याच पाडल्या गावाकडून २०२३ च्या डिसेंबरात बातम्या आल्या, की शेताच्या सीमेवरचा ‘काकड भैरव’ म्हणून लोक पिढ्यान् पिढ्या पूजत होते ते गोल दगड डायनासोरची अंडी असल्याचं लखनौहून आलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं. हे वाचून दाखवलं तेव्हा आमच्या बैठकीत शांतता झाली. एकीनं विचारलं, मग आता ते देव नाहीत का? दुसरीनं विचारलं, सरकार आता ते उचलून नेणार का? हे दोन्ही प्रश्न खरे आहेत आणि हसण्यावारी न्यायचे नाहीत. आमचं मत असं: पूजेमुळेच ते दगड फुटले नाहीत. नांगराखाली आलेले कितीतरी फोडून बांधाला लावले गेले असतील. ज्या बायांनी शेंदूर लावला त्यांनी ते सांभाळले. अभ्यासकांनी गावाशी आधी नीट बोलावं, आणि गावानंही दगड दाखवायला घाबरू नये. पण भीती कुठून येते तेही समजून घ्यायला हवं. जमीन जाईल, काम थांबेल, ही ती भीती. अशा दगडांच्या आणि जागांच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा केंद्राच्या खाण मंत्रालयानं २०२२ मध्ये काढला. त्यात शेतकऱ्याचं काय, हा प्रश्न आपण ग्रामसभेत विचारायला शिकलं पाहिजे.

गुजरातमध्ये बालासिनोरजवळ रैयोली गाव आहे. तिथेही हाडं आणि अंडी भरपूर. बालासिनोरच्या राजघराण्यातल्या आलिया सुलताना बाबी यांनी ती जागा वाचवण्यासाठी बरीच वर्षं घालवली. त्यांनी मुलाखतींत सांगितलंय, की गावातली एक म्हातारी ज्या गोल दगडानं मसाला वाटत होती, तो दगड म्हणजे डायनासोरचं अंडं निघालं. आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत मॅसेच्युसेट्समध्ये १८०२ मध्ये प्लिनी मूडी नावाच्या शेतकऱ्याच्या पोराच्या नांगराला पावलं असलेली फरशी लागली, आणि ती घराच्या दाराशी पायरी म्हणून बसवली. लोक थट्टेनं म्हणत, नोहाच्या कावळ्याची पावलं. पुढे एडवर्ड हिचकॉक या प्राध्यापकानं तशी हजारो पावलं गोळा केली आणि शेवटपर्यंत ती मोठ्या पक्ष्यांचीच मानली. तो अगदीच चुकला असं म्हणता येत नाही, कारण आजचे पक्षी डायनासोरांच्याच कुळातले. आपल्या कोंबडीचा पाय नीट बघा, तीच तीन बोटं.

आपल्या खानदेशात त्या कुळातल्या सगळ्यांत मोठ्या पक्ष्याची खूण आहे, आणि ती बघायला परदेशात जायला नको. चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीच्या पायथ्याला पाटणे गाव. तिथे १९७० च्या दशकात एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं. त्यात शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे, त्यांचे मणी आणि रेघांची नक्षी कोरलेला एक तुकडाही मिळाला. काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. म्हणजे आपल्या गिरणा-तापीकडे तेव्हा शहामृग फिरत होते आणि कुणीतरी बसून त्यांच्या कवचाला बारीक भोक पाडून मणी ओवत होतं. हाताचं काम बघता ते बाईनंच केलं असावं असं आमच्या गटाला वाटतं. त्याला पुरावा नाही. २०१७ मध्ये हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी राजस्थानातल्या अशाच जुन्या कवचातला डीएनए तपासला, तो आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळला. शहामृगाच्या पायाला मात्र दोनच बोटं असतात. त्यामुळे गाळाच्या थरात कधी दोन बोटांचं मोठं पाऊल दिसलंच तर लगेच डायनासोर म्हणून ओरडू नका.

आता कामाचं. रोजगार हमीवर शेततळं खणताना, विहीर पाडताना, खडीच्या खाणीत, किंवा बाहेरगावी बांधकामावर लाल-पिवळ्या वाळूच्या फरशा उचलताना असं काही दिसलं तर काय करायचं? दगड फोडू नका आणि जागचा हलवू नका. हलवला की कोणत्या थरातला ते हरवतं, आणि पावलाची अर्धी किंमत त्या थरात असते. खळग्यात सिमेंट, तेल, शेंदूर काही भरू नका, विटेनं घासू नका. फोटो सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी ऊन कलल्यावर काढा. तेव्हा तिरप्या उजेडात कडांची सावली पडते आणि बोटं उठून दिसतात, दुपारी दोनला काहीच दिसत नाही. मापाला शेजारी पट्टी ठेवा, पट्टी नसेल तर काडेपेटी किंवा दहा रुपयांचं नाणं. एक फोटो वरून सरळ, एक सगळ्या दगडाचा, एक आजूबाजूच्या जागेचा. दुसरं पाऊल कुठे आहे ते शोधा आणि दोन्हींमधलं अंतर दोरीनं मोजून लिहून ठेवा. मग ग्रामसेवक किंवा तलाठ्याला कळवा, आणि जवळच्या कॉलेजात भूगोल-भूशास्त्र शिकवणाऱ्या सरांना किंवा मॅडमना दाखवा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या केंद्राच्या खात्याचं मोठं कार्यालय नागपूरला आहे, त्यांना फोटोसह पत्र गटाच्या लेटरहेडवर पाठवता येतं. कुणी मुकादम म्हणाला, काम थांबेल, गप्प बस, तर निदान फोटो आणि जागेचं नाव गटाच्या वहीत लिहून ठेवा.

ते राक्षसाचं पाऊल आम्ही पुढे पाठवलं नाही. त्याऐवजी दोन गटांतल्या मुलींनी सारवलेल्या अंगणातली कोंबडी, शेळी, मांजर आणि टिटवी यांची पावलं मोजून चौपटीचा हिशोब लावून बघितला. कोंबडीचा जवळपास जुळला, शेळीचा अजिबात जुळला नाही, कारण शेळी खुरांच्या टोकांवर चालते. तुमच्याकडे मोर येत असतील तर त्याचं पाऊल मोजून पुढच्या बैठकीला घेऊन या, आमच्या वहीत मोराची ओळ अजून रिकामी आहे.